कोटाची भिंत धरून चालावं

दक्षिण मुंबईतल्या फोर्टमध्ये फिरायला येणारे बहुतेक लोक गेटवेला उतरतात, ताजसमोर फोटो काढतात, टॅक्सीने सीएसएमटीला येतात, तिथे आणखी दोन फोटो काढतात आणि परत जातात. सात-आठ मोठ्या इमारती बघून होतात, पण त्या तिथेच का उभ्या आहेत, एकीचं तोंड मैदानाकडे आणि दुसरी गल्लीबोळात का दडलेली, याचा पत्ता लागत नाही. कारण ज्या गोष्टीमुळे हे सगळं उलगडतं ती गोष्टच आता जागेवर नाही. ती म्हणजे कोटाची भिंत. जुने मुंबईकर या भागाला 'कोट' म्हणायचे ते उगाच नाही. इथे खरोखर तटबंदी होती, तीन दरवाजे होते: दक्षिणेला अपोलो गेट, मधे चर्च गेट आणि उत्तरेला बझार गेट. भिंतीबाहेर खंदक होता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा मराठे आता मुंबईवर येतील अशी धास्ती इंग्रजांनी घेतली, आणि हा खंदक खणायला इथल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये काढून दिले.

ही भिंत १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात पाडली गेली. ती कुठून जात होती हे एकदा डोक्यात बसलं की फोर्टचे तीन पट्टे आपोआप वेगळे दिसायला लागतात. भिंतीच्या आतलं जुनं, दाटीवाटीचं शहर. भिंत पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर ओळीने उभ्या राहिलेल्या गॉथिक इमारती. आणि त्यापलीकडे समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवरची आर्ट डेको घरं. हे तीनही पट्टे जेमतेम तीन किलोमीटरच्या चालण्यात बसतात. तीन-साडेतीन तास हाताशी ठेवा.

सकाळी लवकर जायचा सल्ला सगळे देतात. उन्हाच्या दृष्टीने तो बरोबर आहे, पण इमारती बघायच्या दृष्टीने नाही. टाउन हॉल, हायकोर्ट, विद्यापीठ, सीएसएमटी या सगळ्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी सूर्य त्यांच्या पाठीमागे असतो. फोटोत नुसती काळी आकृती येते आणि डोळ्यांनाही कोरीवकाम नीट दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दुपारी अडीचला सुरुवात करावी. साडेचारनंतर उन्हं तिरपी होतात आणि दगडावरची प्रत्येक खाच सावली धरते. ऑक्टोबर आणि एप्रिल-मे टाळलेले बरे. आर्ट डेकोच्या ओळीचं तोंड मात्र पूर्वेला, त्यामुळे तीच तेवढी सकाळी खुलते.

वाराचंही बघावं लागतं. रविवारी फोर्ट रिकामा असतो, रस्ता ओलांडायला जीव मुठीत धरावा लागत नाही, पण बऱ्याच इमारतींची दारं बंद असतात आणि मध्य व हार्बर मार्गांवर मेगाब्लॉक असण्याची शक्यता मोठी. आदल्या दिवशी ब्लॉकच्या वेळा बघितल्या नाहीत तर दादर-कुर्ल्यात अडकून पडायची पाळी येते. शनिवारची दुपार सगळ्यात सोयीची. अर्धी ऑफिसं सुटलेली असतात आणि दारं उघडी असतात.

सुरुवात भिंतीपासूनच करायची, कारण तिचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. सीएसएमटीच्या अठरा नंबर फलाटाच्या बाजूने पी. डिमेलो रोडवर बाहेर पडा. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात काळ्या दगडाची जाड, उतरती भिंत दिसेल. हा फोर्ट जॉर्जचा अवशेष. डोंगरीच्या टेकडीवरचा जुना किल्ला पाडून १७६९ साली इंग्रजांनी हा बांधला. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं कार्यालय यातच आहे. आवार रुग्णालयाचं आहे हे विसरू नये. आवाज न करता, वॉर्डांकडे न जाता, रुग्णवाहिकेची वाट न अडवता पाच मिनिटं बघून यायचं. हाताने भिंत चाचपून बघा. दगडांचे सांधे किती घट्ट आहेत ते कळतं, आणि पुढे चालताना ही जाडी मनात ठेवली की जे गेलं ते केवढं होतं याचा अंदाज येतो.

तिथून जीपीओला, म्हणजे मुख्य टपाल कचेरीला, वळसा घालून दक्षिणेकडे. जीपीओ १९१३ साली पुरं झालं, वास्तुरचनाकार जॉन बेग. त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला आहे. आत जाऊन खिडक्यांच्या रांगेत उभं राहून वर बघा. पोस्टाची कामं चालू असलेल्या वेळी आत जायला कुणी अडवत नाही. जवळच पेरिन नरिमन स्ट्रीट आणि मिंट रोडच्या नाक्यावर रतनसी मुळजी जेठा यांनी बांधलेली पाणपोई आहे. आपला पंधरा वर्षांचा मुलगा धरमसी गेला म्हणून बापाने १८९४ साली ती बांधून घेतली. माथ्यावर पुस्तक वाचत बसलेला मुलगा कोरलेला आहे. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा, म्हणजे सीएसएमटी बांधणाऱ्याचाच. मोठ्या इमारतींच्या नादात लोक या पाणपोईसमोरून तिच्याकडे न बघता निघून जातात. फोर्टमध्ये दुःखाचं इतकं साधं आणि सुंदर स्मारक दुसरं नाही.

पेरिन नरिमन स्ट्रीट म्हणजे जुना बझार गेट स्ट्रीट. इथून हॉर्निमन सर्कलपर्यंत मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांतूनच जावं. भिंतीच्या आतलं शहर कसं होतं ते इथेच कळतं: अरुंद गल्ल्या, खाली दुकानं, वर राहती घरं, मधे पारश्यांच्या अग्याऱ्या. १७०९ साली बांधलेली बनाजी लिमजी अग्यारी ही मुंबईतली सगळ्यात जुनी. अग्यारीत पारश्यांशिवाय कुणालाही प्रवेश नाही. बाहेरून बघावं, दारात रेंगाळू नये, आतल्या बाजूला कॅमेरा रोखू नये. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली, बराच भाग जळाला आणि पुष्कळ वस्ती भिंतीबाहेर सरकली. आज काळबादेवी, गिरगावच्या बाजूला जी दाट देशी वस्ती दिसते तिला या आगीने मोठा रेटा दिला.

हॉर्निमन सर्कलला आलात की एकदम श्वास मोकळा होतो. हे गोल उद्यान आधी नुसतं मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. इथे कापसाच्या गासड्यांचे ढीग लागायचे. १८४४ साली कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला गेला. भोवतीच्या कमानदार इमारतींचं वर्तुळ १८७२ पर्यंत पुरं झालं. आधी एल्फिन्स्टन सर्कल म्हणत, स्वातंत्र्यानंतर 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव दिलं. वर्तुळाच्या कमानींखालून पूर्ण फेरी मारा आणि प्रत्येक कमानीच्या मधल्या दगडाकडे बघत चला.

पूर्वेला टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक लायब्ररी. १८३३ साली पुरी झालेली ही इमारत कर्नल थॉमस काउपर यांची. समोरच्या तीस पायऱ्या चढून वर गेलं की डोरिक पद्धतीचे जाड खांब. आत नाना शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा आहे. तो न बघता मराठी माणसाने परत फिरू नये. ही वाचकांची जागा आहे. दारावर विचारून, फोन बंद करून, हळू आवाजात आत जायचं. भारतरत्न पां. वा. काणे यांचं आयुष्य ज्या संस्थेशी जोडलं गेलं ती हीच. १८८२ साली नालासोपाऱ्याच्या स्तूपात भगवानलाल इंद्रजी यांना सापडलेले अवशेषही हीच संस्था जपते. टाउन हॉलच्या मागे टांकसाळ आणि त्यापलीकडे नौदलाची हद्द. जुना बॉम्बे कॅसल त्या हद्दीत आहे, तिथे जाता येत नाही. त्या बाजूच्या भिंतींचे, दरवाजांचे फोटो काढायचे नाहीत. पहारेकरी फोन मागून घेतात आणि त्यात सगळी दुपार जाते.

वर्तुळाच्या पश्चिमेला सेंट थॉमस कॅथेड्रल. पाया १६७६ साली गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या वेळी घातला गेला, आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. मधली चाळीस वर्षं काम रखडलेलं होतं. मुंबईचं अंतर मोजायचा शून्य इथे होता. शहरात रस्त्याकडेला काही ठिकाणी रोमन आकड्यांचे जुने मैलाचे दगड सापडतात, ते सगळे या चर्चपासूनचे मैल. आत शिरल्यावर भिंतींवरची संगमरवरी स्मारकं एकेक वाचत जावी. गव्हर्नर जोनाथन डंकन १८११ साली मुंबईतच गेला. त्याच्या स्मारकावर बनारस आणि काठेवाडात बालहत्या थांबवल्याचा उल्लेख आहे आणि वडाच्या झाडाखाली दोन मुलं कोरलेली आहेत. संगमरवरात वडाच्या पारंब्या कशा काढल्यात ते जवळ जाऊन बघा. बाकीची पुष्कळ स्मारकं ऐन विशी-तिशीत ताप, लढाई किंवा समुद्रात गेलेल्या माणसांची आहेत. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसून थांबायचं.

इथून वीर नरिमन रोडने सरळ पश्चिमेला गेलं की हुतात्मा चौक. चर्चकडे जाणारा दरवाजा म्हणून चर्च गेट, आणि तो दरवाजा उभा होता तो या चौकात, चर्चगेट स्टेशनवर नव्हे. दरवाजा पाडल्यावर १८६४ साली इथे फ्लोरा फाउंटन आलं. ते खरं तर भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी बनवलेलं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा, कोरीवकाम जेम्स फोर्सिथचं, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलँड. कित्येक वर्षं या दगडावर रंगाचे थर चढत गेले होते. २०१९ साली पुरं झालेल्या कामात ते काढले, तेव्हा पानाफुलांच्या कडा पुन्हा दिसायला लागल्या. त्याच कामात जवळच ट्रामचे रूळ सापडले. मुंबईची ट्राम १८७४ साली घोड्यांवर सुरू झाली, १९०७ ला विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद पडली.

शेजारी हुतात्मा स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. मशाल धरलेल्या कामगार आणि शेतकऱ्याचे पुतळे या लढ्यातल्या हुतात्म्यांसाठी उभे आहेत. कारंज्याचा फोटो काढून स्मारकाकडे पाठ फिरवणारे लोक रोज दिसतात आणि ते मनाला लागतं. दोन मिनिटं थांबून नावं वाचावीत. इथे थांबता येईल अशी मोकळी जागा आता केलेली आहे, आणि भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानकही जवळच आहे. कुणाला अर्ध्यातून परत जायचं असेल तर इथून सोपं पडतं.

पुढे चर्चगेटच्या दिशेने, क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम विहीर. १७२५ साली खणली. समुद्र इतका जवळ असूनही पाणी गोडं लागलं. पारश्यांशिवाय इतरांनी आत जायचं नाही, पण बाहेरून रंगीत काचा आणि छत दिसतं.

आता ओव्हल मैदान. इथे थोडं बसून समजून घ्यायला हवं की एवढा पैसा आला कुठून. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतली चार्ल्सटन, सव्हाना, न्यू ऑर्लिन्स ही बंदरं कोंडली. इंग्लंडमधल्या लँकेशरच्या कापड गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, त्यांनी मुंबईकडे धाव घेतली. आपल्या खानदेश-वऱ्हाडाच्या आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच वर्षांत फ्रियर भिंत पाडत होता आणि मोकळ्या पट्ट्यावर नव्या इमारती आखत होता. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि मुंबईतले शेअर, बँका, कंपन्या पत्त्यांसारख्या ढासळल्या. पण आखलेलं काम थांबलं नाही. कापसाच्या आणि शेअरांच्या त्या धामधुमीचे सगळ्यात मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ सालीच विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख देऊ केले होते. मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं, एवढीच अट. तो हा राजाबाई टॉवर. पायाभरणी १८६९, काम पुरं १८७८, उंची २८० फूट. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, आणि तो माणूस मुंबईत कधी आलाच नाही.

ओव्हलच्या मधल्या पायवाटेवर उभं राहिलं की पूर्वेला सगळी ओळ दिसते. दक्षिणेला १८७४ चं जुनं सचिवालय, मग विद्यापीठाचं सभागृह, ग्रंथालय आणि मनोरा, मग १८७८ ला पुरं झालेलं हायकोर्ट. बांधल्या तेव्हा यांच्यासमोर मैदान, रेल्वेचे रूळ आणि लगेच समुद्र होता, म्हणून सगळ्यांची तोंडं पश्चिमेला आणि पुढे खोल व्हरांडे. समुद्राचा वारा घ्यायचा आणि दुपारचं ऊन भिंतीपर्यंत येऊ द्यायचं नाही, असा दुहेरी हिशोब.

राजाबाई टॉवरच्या जिन्याने वर जाता येत नाही, आणि विद्यापीठाच्या आवारातही वाटेल तेव्हा सोडत नाहीत. त्यामुळे एक छोटी दुर्बीण जरूर आणा. सात-आठ पट मोठं दाखवणारी पुरते. मनोऱ्यावर चोवीस पुतळे आहेत, प्रत्येक आठ फुटांचा, पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे. ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इथल्याच साहाय्यक अभियंत्याने घडवले. पागोट्याची बांधणी, अंगरख्याचे बंद, उपरण्याची टाकणी माणसागणिक वेगळी आहे. खालून हे ठिपक्यांसारखे दिसतात, दुर्बिणीतून एकेक माणूस समोर येतो. रविवारी मैदानात एकाच वेळी दहा-बारा क्रिकेटचे सामने चालू असतात. दुर्बीण डोळ्याला लावण्याआधी चेंडू कुठून येतोय ते बघून उभं राहावं.

दगड ओळखायला शिकलात तर या इमारती दुप्पट बोलक्या होतात. काळा-निळसर तो बसाल्ट, आपला नेहमीचा काळा दगड: कठीण, भार पेलणारा, पण बारीक कोरायला हट्टी. पिवळसर तो मालाड किंवा कुर्ल्याच्या खाणींतला, दर्शनी भिंतींसाठी. पांढरट मऊ तो पोरबंदरचा चुनखडी दगड, कोरीवकामासाठी. मऊ म्हणून कारागिराला त्यात हवी तशी नक्षी काढता आली, आणि मऊ म्हणूनच खारी हवा आणि गाड्यांचा धूर यांनी तो आधी झिजतो. नाक गेलेले चेहरे, विरघळल्यासारखी पानं दिसतात ती बहुतेक याच दगडाची.

झीज आणखीही कारणांनी होते. दगडी जोडांत चुन्याऐवजी सिमेंट भरलं की ओल बाहेर पडायची वाट बंद होते, मग ती दगडातून बाहेर पडते आणि पापुद्रे सुटतात. दगडावर तैलरंग फासला तरी तेच. आत ठोकलेल्या लोखंडी पकडी गंजून फुगतात आणि दगडाला उभी चीर पाडतात. पिंपळाचं बी एका पावसात सांध्यात रुजतं. वरून कापलं तरी मूळ आत राहतं आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतं. ही चार लक्षणं डोळ्यांत बसली की नुसतं बाहेरून बघूनही इमारतीची तब्येत कळते. मुंबईने १९९५ साली वारसा इमारतींसाठी नियमावली केली, ती देशातली पहिली. तरी हिरवं कापड आणि परांची लागलेली एखादी इमारत दर फेरीत मिळतेच. ती दिसली की हिरमुसू नका, काम चुन्यात चाललंय की सिमेंटमध्ये ते बघा.

आता तिथेच मागे वळा. पश्चिमेकडची ओळ १९३० च्या दशकातली. बॅकबेमध्ये भर घातल्यावर समुद्र मागे सरला आणि ही काँक्रीटची घरं उभी राहिली: गोल वळणाच्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे, जहाजासारखे कठडे, नावांची खास अक्षरं. कोपऱ्यावरचं इरॉस १९३८ चं. समोरासमोरच्या या दोन्ही ओळी आणि मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारती मिळून २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, एकूण ९४ इमारती. ही राहती घरं आहेत. फाटकातून आत शिरून जिन्याचे फोटो काढू नयेत. प्रवेशद्वाराची जाळी रस्त्यावरूनही छान दिसते.

काळा घोडा आणि गेटवे त्याच दिवशी कोंबू नका. त्यासाठी वेगळी अर्धी दुपार ठेवा. तिकडे जाल तेव्हा के. दुभाष मार्गाचं जुनं नाव लक्षात असू द्या: रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाची ओळ. काळ्या घोड्याचा मूळ पुतळा स्वारासकट १९६५ साली राणीच्या बागेत गेला. आता आहे तो बिनस्वाराचा घोडा २०१७ चा. जवळचं वॉटसन्स हॉटेल लोखंडी सांगाड्याचे भाग इंग्लंडहून आणून इथे जोडलेलं. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा तिथे दाखवली. इमारत रिकामी आणि मोडकळीला आलेली आहे, समोरच्या फुटपाथवरूनच बघा. निळ्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जायचं तर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. गेटवेला बॅगा तपासतात, म्हणून सामान कमी ठेवा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, आणि तिथे जायचं तर सकाळचीच लाँच धरावी.

पाणी एक लिटर माणशी, टोपी, आणि तळवा घट्ट असलेले बूट. फुटपाथच्या फरशा जागोजागी उचकटलेल्या आहेत आणि वर बघत चालणाऱ्याचा पाय तिथेच मुरगळतो. वर बघायचं असेल तर थांबून बघायचं. स्वच्छतागृह चर्चगेट आणि सीएसएमटी स्टेशनवर मिळेल, मधल्या टप्प्यात भरवसा धरू नये. ऊन किंवा सर आली तर दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून चालावं. इमारती वेगवेगळ्या मालकांच्या असूनही खालची पडवी सलग आहे.

अंधार पडला की त्याच रस्त्याने सीएसएमटीला परत या. १८७८ साली सुरू झालेलं काम दहाएक वर्षं चाललं. त्याआधी इथेच बोरीबंदर होतं, जिथून १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची गाडी सुटली. महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवरून बघितलं की दिव्यांत सगळा दर्शनी भाग दिसतो: फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ; माथ्यावर प्रगतीचा पुतळा; घड्याळाखाली रिकामा कोनाडा, जिथे राणी व्हिक्टोरिया होती. रस्ता वरून ओलांडू नका, भुयारी मार्ग घ्या. मग लोकलच्या तिकीटघरात शिरा. नक्षीचे दगड, मोर, माकडं, पानं, बरंचसं जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. खिडकीपुढे रांग असते, मागचे लोक पुढे सरका म्हणतात, म्हणून आधी बाजूला भिंतीला टेकून उभे राहा आणि मान वर करा. निळ्या छतावर सोनेरी तारे काढलेले आहेत.